ओल्या पालापाचोळ्याचा पाण्यातच कोळसा (एचटीसी): खरंच होतो का, आणि घरी जमेल का?

पाणवेल:
मंडळी एक शंका आहे, जरा लांबलचक आहे सांभाळून घ्या. तळ्यातून काढलेली जलपर्णी आणि सोबत कुजका पालापाचोळा असा ढीग आमच्याकडे कायम साचलेला असतो. त्याचं बायोचार (मातीत घालायचा कोळसा) करावं असं डोक्यात होतं, पण माल वाळतच नाही. वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत हात घातला की चिखल, भट्टीत टाकला की नुसता धूर. शोधता शोधता हायड्रोथर्मल कार्बनायझेशन म्हणजे एचटीसी नावाचा प्रकार वाचनात आला. त्यात म्हणे ओला माल पाण्यासकट बंद भांड्यात तापवायचा आणि काही तासांनी कोळसा बाहेर! हे काही पचेना, कारण पाण्यात कोळसा होईलच कसा, पाणी असलं तर काही जळणारच नाही ना.

तर हे खरंच होतं का, होत असेल तर आत नेमकं काय घडतं, मोठ्या प्रेशर कुकरात जमेल का, आणि निघालेला काळा माल मातीत घालायला बायोचारसारखाच चालतो का? रसायनशास्त्र शाळेपुरतं येतं, त्या हिशोबाने सांगा.

भट्टीकाका:
कशाला एवढा घाट घालताय. पिळून काढा, पातळ पसरा, रोज उलटवा, ऊन फुकट आहे. वाळला की शंकूच्या आकाराच्या उघड्या भट्टीत थर टाकत जायचं, वर ज्योत राहिली पाहिजे एवढंच बघायचं, ती ज्योतच खालच्या थराला हवा लागू देत नाही. शेवटी पाणी ओतून विझवायचं. भांडं फुटायची भीती नाही, गॅसकेट नाही, काही नाही. एचटीसी हा कारखान्यांचा खेळ आहे.

ओलाकार्बन:
काकांचं वाळवण्याचं बरोबर आहे पण ज्याचा माल वाळतच नाही त्याला वाळव म्हणून सांगण्यात काय अर्थ. आधी "पाण्यात कोळसा कसा" याचं उत्तर देतो कारण गंमत तिथेच आहे.

कोळसा व्हायला जळावं लागत नाही, उलट जळलं तर कोळसा उरतच नाही, राख उरते. वनस्पतीचा मुख्य घटक म्हणजे सेल्युलोज, त्याचं सूत्र बघा, सहा कार्बन, दहा हायड्रोजन, पाच ऑक्सिजन. वजनात मांडलं तर १६२ ग्रॅममध्ये ७२ ग्रॅम कार्बन आणि उरलेले ९० ग्रॅम हायड्रोजन-ऑक्सिजन, तेही नेमके पाण्याच्याच प्रमाणात. म्हणजे कागदावर सेल्युलोज हे कार्बन अधिक पाणी असंच आहे. ते पाणी रेणूतून बाहेर पडलं की कार्बन उरला. आता हे पाणी बाहेर पडणं हवेशिवाय कोरडं तापवून होतं तसंच पाण्यात बुडवूनही होतं, फक्त पाणी पुरेसं गरम हवं आणि उकळून उडून जाता कामा नये. म्हणून बंद भांडं आणि दाब.

तापमान साधारण १८० ते २५० अंश सेल्सियस. त्या तापमानाला पाणी द्रव ठेवायचं तर दाब आपोआपच तयार होतो, वेगळा पंप लावावा लागत नाही. १८० ला १० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), २०० ला साडेपंधरा, २२० ला २३ आणि २५० ला जवळपास ४० बार. वर मालातून सुटणाऱ्या वायूचा दाब वेगळा. वेळ एक तासापासून रात्रभरापर्यंत, माल काय आणि किती काळा हवा त्यावर.

आणि एवढ्या गरम पाण्याचा स्वभावच बदललेला असतो बरं का. २०० अंशाला पाण्याचे स्वतःचे आयन, म्हणजे हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड, आपल्या नेहमीच्या पाण्यापेक्षा वीसेक पट जास्त असतात. डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पाणी किती ध्रुवीय वागतं याचं माप) ७८ वरून ३५ च्या आसपास उतरतो, त्यामुळे एरवी पाण्यात न विरघळणारी सेंद्रिय द्रव्यंही त्यात बऱ्यापैकी विरघळायला लागतात. थोडक्यात पाणी इथे नुसतं भांडं भरायला नाहीये, तेच काम करतंय. पहिल्यांदा हेमिसेल्युलोज (सेल्युलोजचा कच्चा भाऊ) तुटतं, १८० च्या आसपासच, मग २०० च्या वर गेलं की सेल्युलोज सुटं व्हायला लागतं आणि साखरा तयार होतात. त्या साखरांमधून पाणी निघून जातं आणि फुरफुरल, हायड्रॉक्सिमिथाइल फुरफुरल असले रेणू बनतात (नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल). हे रेणू एकमेकांना चिकटत चिकटत मोठे होतात आणि पाण्यात मावेनासे झाले की काळा घन पदार्थ म्हणून खाली बसतात. थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो, अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्ल तयार होतं, त्याने पाणी आणखी आंबट होऊन काम अजून वेगात चालतं. लिग्निन, म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणारा भाग, मात्र हट्टी, ते बरंचसं जागच्या जागी राहतं, म्हणून कमी तापमानाला पानाचा, काडीचा आकार तसाच दिसतो, फक्त काळा आणि चुरचुरीत. नुसती साखर विरघळवून हेच केलं तर सूक्ष्मदर्शकाखाली छान गोल गोल कार्बनच्या गोळ्या दिसतात.

नवीन शोध नाही हा. १९१३ साली फ्रीडरिश बर्गियसने सेल्युलोज आणि पीट पाण्यासोबत दाबाखाली तापवून दगडी कोळशासारखा माल करून दाखवला होता. जमिनीखाली कोळसा कसा तयार होत असेल हे त्याला बघायचं होतं. पुढे उच्च दाबाच्या रसायनशास्त्रासाठी १९३१ चं नोबेल त्याला कार्ल बॉशसोबत मिळालं. नंतर हा विषय बरीच वर्षं मागे पडला तो २००० नंतर जर्मनीत पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेत मार्कुस अँटोनिएटी आणि त्यांच्या लोकांनी पुन्हा वर काढला.

बॉयलरवाला:
कुकरच्या प्रश्नावर मी बोलतो, आणि हे नीट वाचा.

साधा प्रेशर कुकर वातावरणाच्या वर एक बार, म्हणजे आत १२० अंश. त्यात पानं शिजतील, बास. तास दोन तास, दिवसभर ठेवा, कोळसा होणार नाही. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात येतं की शिट्टी जाम केली तर तापमान वाढेल. वाढेल ना, आणि झाकण छपरात जाईल. प्लीज असलं काही करू नका. जुना गॅस सिलिंडर कापून, पाइपाला दोन्हीकडून टोप्या मारून, असले व्हिडिओ बघितलेत मी, अंगावर काटा येतो.

कारण नुसता दाब नाही, आतलं पाणी. २०० अंशाच्या पाण्यावरचा दाब अचानक गेला तर त्यातलं जवळपास १९ टक्के पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. लिटरभर पाण्यामागे तीनशे लिटर वाफ, डोळ्याची पापणी लवायच्या आत. हवेची टाकी फुटणं आणि हे फुटणं यात फार फरक आहे, हवा एकदाच पसरून संपते, इथे पाणी वाफ पुरवतच राहतं.

दुसरं म्हणजे भरण्याचं प्रमाण, हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. थंड पाणी २०० अंशाला नेलं की सुमारे १५ टक्के फुगतं, २५० ला २५ टक्के. भांडं काठोकाठ भरलंत तर फुगायला जागाच नाही, आणि मग वाफेच्या तक्त्यातले आकडे विसरा, द्रव पाणी थेट भिंती ढकलायला लागतं आणि दाब सरळ उभा चढतो. म्हणून दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, कधीच नाही. शिवाय आतलं पाणी आंबट, त्यात वनस्पतीतलं क्लोराइड. स्टेनलेसला अशाने बारीक तडे जातात जे बाहेरून दिसत नाहीत. प्रयोगशाळेत स्टीलचं भांडं आणि आत टेफ्लॉनचं अस्तर असतं, ते २२० च्या आसपासपर्यंत ठीक, त्यावर टेफ्लॉन सरकायला लागतं.

उघडतानासुद्धा, भांडं पूर्ण गार झाल्यावरही आत वायूचा दाब शिल्लक असतो कारण कार्बन डायऑक्साइड काही परत पाणी होत नाही. त्यात थोडा कार्बन मोनॉक्साइडही असतो. मोकळ्या हवेत किंवा हूडखाली, हळूहळू दाब सोडायचा आणि मग झाकण. प्रमाणित भांडं, सेफ्टी व्हॉल्व्ह, रप्चर डिस्क (दाब फार वाढला की आधी फुटून वाट देणारी चकती), दाबाची चाचणी झालेली, आणि हे हाताळलेला माणूस शेजारी, एवढं असेल तर करा. नाहीतर भट्टीकाका म्हणतात तेच बरं.

पाणवेल:
बापरे, कुकरचा विषय बंद. खरंच धन्यवाद, इतकं कोणी सांगत नाही.

पण ओलाकार्बन, तत्त्व तर आवडलं. म्हणजे समजा कुठल्या संस्थेकडे असं प्रमाणित भांडं असलं आणि त्यांनी माझी जलपर्णी घेतली तर ऊर्जेचा हिशोब बसतो का? वाळवण्यापेक्षा स्वस्त पडतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आणि मातीचं कोणीच बोललं नाही अजून.

मातीमोल:
मातीचं मी सांगते. सरळ उत्तर, बायोचारसारखा समजून घालू नका.

भट्टीतलं बायोचार साधारण ३५० च्या वर, बऱ्याचदा ५००-६०० अंशाला झालेलं असतं. त्यात कार्बनची कडी एकमेकांत घट्ट विणलेली, जंतूंना ती सहज तोडता येत नाहीत म्हणून ते मातीत शेकडो वर्षं टिकतं. एचटीसीचा माल, त्याला हायड्रोचार म्हणतात, तो रासायनिकदृष्ट्या लिग्नाइटच्या (कोवळ्या तपकिरी दगडी कोळशाच्या) जवळचा. मोजायचं सोपं माप म्हणजे हायड्रोजन आणि कार्बनच्या अणूंचं गुणोत्तर. बायोचारला ते ०.७ च्या खाली लागतं, हायड्रोचारचं एकच्या आसपास असतं. युरोपियन बायोचार सर्टिफिकेटच्या व्याख्येत हायड्रोचार बसतच नाही, त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंय. मातीत तो वर्षं ते काही दशकं अशा हिशोबाने विरतो. कार्बन शतकानुशतकं गाडून ठेवायचा हेतू असेल तर हा तो माल नव्हे.

आणि ताजा हायड्रोचार मातीत मिसळला तर बी उगवायला त्रास होतो. फिनॉल, फुरान, आम्लं असलं बरंच काही चिकटून आलेलं असतं. शिवाय त्यात जंतूंना चट्कन खाता येईल असा कार्बन भरपूर, त्यामुळे जंतू वाढतात आणि मातीतला नायट्रोजन स्वतः घेऊन बसतात, पीक पिवळं पडतं आणि लोक म्हणतात खत कमी पडलं. नीट धुतला, कंपोस्टात काही महिने मुरवला की हे बरंच कमी होतं. तरी आधी चाचणी करा, एका डब्यात नुसती माती आणि एकात हायड्रोचार मिसळलेली माती, कुठलंही भराभर उगवणारं बी दोन्हीकडे सारखं पेरायचं. ज्या डब्यात निम्मंच उगवलं तो माल अजून तयार नाही.

सच्छिद्रपणाचीही तीच गत. ग्रॅमला काही चौरस मीटर पृष्ठभाग, फार तर काही दहा, चांगल्या भट्टीतल्या बायोचारला त्याच्या कितीतरी पट मिळतो. हायड्रोचारला पुन्हा वाफेने किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडने जास्त तापमानाला सक्रिय केलं तर हजाराच्या वर जातो, पण मग ती वेगळी भट्टी आलीच.

ओलाकार्बन:
मातीमोल यांच्याशी पूर्ण सहमत. हायड्रोचारचं बलस्थान मातीत नाही, जळणात आणि पुढे सक्रिय कार्बन करण्यात आहे.

आता ऊर्जेचा हिशोब, कागद घेऊनच बसलो. एक किलो पाणी २५ अंशावरून तापवून उडवायला सुमारे २५७० किलोज्यूल लागतात. तेच पाणी बंद भांड्यात द्रव ठेवून २०० अंशाला न्यायला फक्त ७५० च्या जवळपास, कारण बाष्पीभवनाची उष्णता द्यावीच लागत नाही. "वाळवण्यापेक्षा स्वस्त" म्हणतात ते यावरून. एक किलो कोरडा माल आणि चार किलो पाणी असेल तर वाळवायला दहा मेगाज्यूल, एचटीसीला सव्वातीन. निघणार अर्धा-पाऊण किलोच्या मधला हायड्रोचार (पुढे नुसतं 'चार' म्हणतो), त्याची उष्णता किलोला २४ मेगाज्यूल धरली तरी तेराएक मेगाज्यूल हातात. छान बसलं.

पण तुमची जलपर्णी! तिच्यात ९० ते ९५ टक्के पाणी असतं. शंभर किलो ताजी घेतली, ९५ किलो पाणी, पाच किलो कोरडा माल. ९५ किलो पाणी २०० ला न्यायचं म्हणजे ७१ मेगाज्यूल. हायड्रोचार निघणार अडीच किलो, त्यातही जलपर्णीत राख भरपूर म्हणून किलोला २० सुद्धा नशिबाने, म्हणजे पन्नास मेगाज्यूल. घातली ७१, मिळाली ५०. ओल्या मालाची पद्धत असली तरी पाणी किती यालाही मर्यादा आहे, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. आधी दाबून पिळून ८० टक्क्यांवर आणली तर त्याच पाच किलोमागे पाणी २० किलोच उरतं आणि १५ मेगाज्यूलमध्ये काम होतं. कारखान्यात त्यावर गरम बाहेर पडणाऱ्या मालाची उष्णता आत येणाऱ्या थंड मालाला देतात, ते नसेल तर एचटीसीचं गणित फार तोकडं आहे. प्रक्रिया स्वतःही थोडी उष्णता सोडते पण तिच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट मात्र एचटीसीची खरंच भारी, झाल्यावर माल पाणी धरून ठेवत नाही. पेशी फुटलेल्या, पृष्ठभाग पाण्याला नको म्हणणारा, त्यामुळे नुसत्या प्रेसने दाबला की पाणी भसाभस निघून जातं. सांडपाण्याचा गाळ यासाठीच एचटीसीला योग्य मानतात, कारण तो एरवी कितीही पिळा, पाणी सोडतच नाही. पोटॅशियम आणि क्लोरीन बरंचसं पाण्यात उतरतं म्हणून चार जाळताना बॉयलरमध्ये राखेचे खडे कमी धरतात. फॉस्फरस, कॅल्शियम-लोह असेल तर, चारमध्येच राहतो.

बॉयलरवाला:
आणि ते पिळून निघालेलं पाणी कुठे जाणार?? त्याचं कोणीच बोलत नाही. मी एकदा अशा पाण्याचा ड्रम उघडलेला बघितलाय, जळक्या साखरेचा आणि धुराचा मिळून असा वास की दिवसभर कपड्यातून जाईना.

ओलाकार्बन:
बरोबर, तो या पद्धतीचा सगळ्यात दुखरा भाग आहे. मालातल्या कार्बनपैकी ६० ते ८० टक्के चारमध्ये, थोडा वायूत आणि उरलेला सगळा या तपकिरी पाण्यात. पीएच तीन ते पाच, सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप) लिटरला काही दहा ग्रॅम, घरगुती सांडपाण्यात एक ग्रॅमही नसतो यावरून अंदाज घ्या. झाडांना घालू नका, नाल्यात तर मुळीच नाही. त्यातल्या अॅसिटिक आम्लामुळे बायोगॅसच्या टाकीत ते चालतं पण हळूहळू सवय लावत, एकदम ओतलं तर फिनॉल-फुरानने जंतू बसतात. दुसरा उपाय तेच पाणी पुढच्या खेपेला परत वापरायचं, त्याने चारही थोडा जास्त मिळतो, कारण विरघळलेला कार्बन पुन्हा घन व्हायची संधी मिळते. पण क्षार साठत जातात, त्यामुळे कायम फिरवता येत नाही, कधीतरी काढावंच लागतं.

भट्टीकाका:
म्हणजे भांडं, व्हॉल्व्ह, उष्णतेची अदलाबदल, त्यावर बायोगॅसची टाकी. आणि हातात काय तर लिग्नाइट. मी पहिल्या ओळीत जे म्हणालो ते हेच होतं 😀

ओलाकार्बन:
काका, रोज टनावारी गाळ येणाऱ्याला विचारा, तो म्हणेल तुमचं ऊन मला किती एकर लागेल. ढिगाच्या आकारावर सगळं आहे. आणि तुमच्या उघड्या भट्टीत माल थोडा जरी दमट गेला तर ज्योत मरते आणि मिथेन-धूर थेट हवेत, तेही हिशोबात घ्या.

पाणवेल:
भांडू नका दोघं, मला दोन्ही बाजू कळल्या. माझा ढीग टनावारी नाही आणि मला हवंय ते मातीसाठीच, त्यामुळे एचटीसी माझ्या कामाचं नाही हे मान्य. मग जलपर्णी आधी प्रेसने पिळायची, पानं-मुळं कंपोस्टात आणि देठ-काड्या वाळवून भट्टीत, असं केलं तर? पिळलेल्या पाण्याचं काय, ते तर गरम न केलेलं, साधं आहे.

मातीमोल:
तळ्यात कुठलं कारखान्याचं पाणी येत नसेल तर पिळलेलं पाणी कंपोस्टाच्या ढिगावरच शिंपडा, त्यात पोटॅशियम आणि नायट्रोजन असतो. येत असेल तर आधी तपासणी, कारण जलपर्णी जड धातू शोषून मुळांत साठवते, आणि मग मुळं कंपोस्टात घालायची नाहीत, चार करायचा नाही, काहीच नाही. भट्टीत केल्याने धातू नाहीसे होत नाहीत, उलट माल कमी होतो तसे दाट होतात.

भट्टीकाका:
देठ पोकळ असतात, नुसते टाकलेत तर भुर्रकन राख होतील. निम्म्याहून जास्त झाडाच्या फांद्या, लाकडाचे तुकडे असं काहीतरी भरीव घ्या, ते खाली पेटवून निखारा धरला की देठ वरून थोडे थोडे. राखेची पांढरी साय दिसायला लागली की लगेच पुढचा थर. विझवून झाल्यावर चार कोरडा नेऊ नका, ओला असतानाच कंपोस्टात मिसळा, आकारमानाने दहाएक टक्के पुरे, आणि धूळ नाकात जाऊ देऊ नका.